वर्षाला ११,८०० भरून कार्ड घेताय? आधी हा हिशोब मांडा

फोन येतो, पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगते सर तुमचं प्रीमियम क्रेडिट कार्ड प्री-अप्रूव्ह्ड आहे, विमानतळावरचं लाउंज फ्री, कोटीभराचा विमा फ्री, फी फक्त दहा हजार. त्या फक्त वर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ११,८००, आणि दोन वर्षं कार्ड ठेवलं तर २३,६००, एवढ्यात चौघांचं गोव्याचं विमान होतं की राव. मी असं कार्ड तीन वर्षं वापरलं, त्यात थोडा फायदा झाला, थोडा गंडलो, त्यातून जी पद्धत बसली ती सांगतो.

एक कागद घ्या. एक्सेल पण चालेल, पण कागदावर लिहिलं की लाज जास्त वाटते.

पहिलं लाउंज, कारण सगळे त्याच्यासाठीच कार्ड घेतात. मेलमध्ये "बोर्डिंग पास" सर्च करा आणि मागच्या १२ महिन्यांत खरोखर किती वेळा उडालात ते मोजा, पुढच्या वर्षी किती फिरणार आहात ते नाही, तिथे आपण सगळेच उदार असतो. आता एका लाउंजचा भाव किती धरायचा? जाहिरातीत हजार-दीड हजार धरतात. मी ४०० धरतो, कारण लाउंज नसतं तर मी बाहेर एक सँडविच आणि चहा घेतला असता, तोही कुरकुरत, दीड हजार देऊन उपमा खायला मी कधीच गेलो नसतो. माझ्या सहा चकरा झाल्या म्हणजे २,४००. बस एवढंच.

त्यात पण अटी बघा. बऱ्याच कार्डांवर आता आधीच्या तिमाहीत ठराविक खर्च केला तरच लाउंज मिळतं, कुठे ५०,००० कुठे ७५,००० कुठे १ लाख, आणि तिमाही म्हणजे कॅलेंडरची, तुमच्या बिलाची नाही, मे महिन्यात फिरायला जाणार असाल तर जानेवारी ते मार्चचा खर्च बघतात. प्रायॉरिटी पास, म्हणजे कार्डासोबत येणारा लाउंजचा वेगळा पास, बऱ्याच वेळा फक्त परदेशात फुकट असतो, भारतात दाखवला तर बिलात डॉलरमध्ये आकडा येतो. बायको-पोरं सोबत असतील तर गेस्ट, आणि गेस्टचे साधारण २७ डॉलर माणशी लागणारी कार्डं आहेत, म्हणजे तिघांना घेऊन आत गेलात की सात हजाराचा उपमा. गोव्याला जाणाऱ्यांनी अजून एक करा, लाउंजच्या यादीत विमानतळ दाबोळी आहे का मोपा ते नीट वाचा, नाव गोवाच असतं दोन्हीकडे.

मग फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार, इथे खरे पैसे आहेत आणि इथेच लोक लक्ष देत नाहीत. साध्या कार्डावर ३.५ टक्के आणि त्यावर जीएसटी म्हणजे ४.१३, प्रीमियमवर बहुतेक २ टक्के आणि जीएसटी म्हणजे २.३६. परदेशात २ लाख घासले तर साध्या कार्डावर ८,२६० जातात, प्रीमियमवर ४,७२०, वाचले ३,५४०. छान वाटतं ना? पण झिरो फॉरेक्सवाली लाइफटाइम फ्री कार्डं पण मिळतात, स्कॅपिया आहे, एफडीवर मिळणारं आयडीएफसी फर्स्टचं वाव आहे, त्यांच्याशी तुलना केली तर प्रीमियम कार्डावर तुमचे ४,७२० उलट जास्त गेले. हां, खर्चावर पॉइंट्स ३ टक्क्यांच्या वर मिळत असतील आणि ते तुम्ही खरोखर तिकिटात वापरणार असाल तर मार्कअप भरून निघतो. पण त्याच पॉइंट्सचे बिलात पैसे वळते करून घेतले तर काही कार्डांवर १ पॉइंटचे ३० पैसे मिळतात, फ्लाइटला १ रुपया, हा फरक माहीत नसल्यामुळे माझ्या मेव्हण्याने वर्षभराचे पॉइंट्स बिलात उडवले आणि वर मला सांगतोय की मस्त डिस्काउंट मिळाला.

आणि परदेशात मशीनवर रुपयात भरायचं का विचारलं तर नाही म्हणा, तिथल्या चलनातच भरा. ते रुपयातलं आपल्या सोयीसाठी नसतं, त्यात दुकानदाराच्या बँकेचा रेट घुसवलेला असतो.

आता विमा. ब्रोशरमध्ये सगळ्यात मोठा आकडा याचा असतो, १ कोटी, २ कोटी, ३ कोटी, आणि तो आकडा जवळजवळ नेहमी विमान अपघातात मृत्यूचा असतो. म्हणजे तो पैसा बघायला तुम्ही नसणार, घरच्यांना मिळणार, तेही नॉमिनी नोंदवलेला असेल तर सुरळीत. कार्ड आल्यावर नॉमिनी भरलाय असा एकही मित्र मला अजून भेटला नाही. आज भरून टाका, दहा मिनिटांचं काम आहे.

आपल्याला खरं लागतं ते आजारपण, हरवलेली बॅग, चुकलेलं कनेक्शन, त्याचे आकडे खाली बारीक अक्षरात असतात. बँकेला मेल करून पॉलिसी वर्डिंग, म्हणजे विम्याच्या सगळ्या अटींचा मूळ कागद, मागवा, ब्रोशर नको, पॉलिसी वर्डिंग. विमा बँकेचा नसतो, बँकेने विमा कंपनीकडून सगळ्या कार्डवाल्यांसाठी मिळून ग्रुप पॉलिसी घेतलेली असते, क्लेमच्या वेळी बँक हात वर करते की आम्ही फक्त सोय करून दिली. त्या कागदात आधी हे शोधा की तिकीट याच कार्डावर काढलेलं असायला हवं का, आणि पूर्ण तिकीट का थोडं पॉइंट्सने थोडं कार्डाने चालतं. मग कार्ड मागच्या ३०, ६० का ९० दिवसांत वापरलेलं असलं पाहिजे ते. मग ॲड-ऑन कार्डवाला, म्हणजे तुमच्याच खात्यावर जास्तीचं कार्ड घेतलेला घरचा माणूस, धरलाय का. मग बॅगेच्या उशिरासाठी किती तास थांबायचं आणि पुढे किती मिळणार, कारण वरती "५०,००० पर्यंत" लिहून खाली तासाला १० डॉलर, जास्तीत जास्त ८ तास असं असणारी कलमं आहेत, म्हणजे सगळे मिळून ८० डॉलर. आणि क्लेम किती दिवसात कळवायचा.

हे मी शहाणा म्हणून सांगत नाहीये. रोमला आमच्या हिची बॅग दीड दिवस उशिरा आली, कपडे, औषधं, चार्जर धरून १९० युरो खर्च झाला, सगळ्या पावत्या जपून आणल्या, आणि उत्तर आलं की ॲड-ऑन कार्डधारक पॉलिसीत नाही. माझी बॅग मात्र पट्ट्यावर पहिली आली होती.

बॅग गेली तर कार्ड विसरा, आधी एअरलाइन धरा. विमानतळ सोडायच्या आधी पीआयआर नावाचा कागद, म्हणजे बॅगेच्या तक्रारीची एअरलाइनकडची नोंद, बनवून घ्या, तो नसला तर पुढे कुणीच दारात उभं करत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल कराराखाली एअरलाइनची जबाबदारी माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) पर्यंत आहे, रुपयात दीड लाखाच्या वर, अर्थात नुकसान झालं असेल तेवढंच. तुटलेल्या बॅगेसाठी ७ दिवसात, उशिरा आलेलीसाठी ती मिळाल्यापासून २१ दिवसात लेखी तक्रार. देशात मर्यादा २०,००० रुपये.

शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा मेडिकल विमा लागतो, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, आणि त्याचं तुमच्या नावाचं, तुमच्या तारखांचं सर्टिफिकेट. कार्डाच्या ब्रोशरची प्रिंट घेऊन जाऊ नका. तरुण माणसाला आठ-दहा दिवसांची वेगळी पॉलिसी साधारण हजार-दीड हजारात मिळते. आणि आईबाबा अमेरिकेत लेकाकडे राहायला चाललेत आणि तुम्ही म्हणताय माझ्या कार्डावर हॉस्पिटलायझेशन कव्हर आहे, तर ते तुमचं आहे, त्यांचं नाही, बाबांच्या बीपी-शुगरचं तर अजिबातच नाही. त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी, जुने आजार फॉर्मवर खरे लिहून.

शिवाय हे कव्हर कधीही काढून घेतलं जाऊ शकतं. एसबीआय कार्डने १५ जुलै २०२५ पासून त्यांच्या एलिट कार्डावरचा १ कोटीचा आणि प्राइम कार्डावरचा ५० लाखांचा विमान अपघात विमा बंद केला. म्हणून माझ्या कागदावर विम्यासमोर मी शून्य लिहितो. मिळाला तर बोनस.

आता बेरीज. माझी अशी आली: लाउंज २,४००, फॉरेक्स शून्य कारण मी झिरोवालं कार्ड नेतो, विमा शून्य, पॉइंट्सचे खरे वापरले गेलेले ५,२००. झाले ७,६००, फी ११,८००. एखादं बिल चुकून उरवलं तर महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के व्याज, मग तर हिशोब मांडायलाच नको. ज्यांचा खर्च फी माफ होण्याइतका आहे आणि जे महिन्यातून दोनदा उडतात त्यांची बेरीज वेगळी येईल, त्यांनी बिनधास्त ठेवावं.

माझी उणे आली म्हणून फी लागायच्या महिनाभर आधी फोन केला, बंद करतो म्हटलं. अशा वेळी बऱ्याचदा फी माफ करून देतात, तेवढं विचारून बघा. नाहीच दिली तर आधी पॉइंट्स वापरा, थकबाकी शून्य करा आणि लेखी बंद करायला सांगा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ७ वर्किंग दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये त्यांनी तुम्हाला द्यायचे. माझं सहाव्या दिवशी बंद झालं.