वारीच्या वाटेवर घरच्यांसाठी प्रार्थना

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघालेली माउलींची पालखी आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. एवढे दिवस घर मागे राहत असल्याने, निघण्यापूर्वीच घरातल्या प्रत्येकाला त्याचे मागणे विचारून ते खिशातल्या वहीत नोंदवावे. आपल्याला वाटते ते आणि त्यांना हवे असते ते पुष्कळदा निराळे निघते.

चालताना दिंडीचे भजन सुरू असते आणि पावले टाळाच्या ठेक्यावर पडत असतात, तेव्हा स्वतंत्र प्रार्थना म्हणण्याचा खटाटोप करू नये. एक अभंग संपून दुसरा सुरू होईपर्यंत एकाच माणसाचे नाव मनात घ्यावे आणि पुन्हा भजनात मिसळावे. दिवे घाटाच्या चढणीवर तर नामाखेरीज दुसरे काही सुचत नाही, आणि तेवढे पुरे आहे.

निवांत वेळ मिळतो तो मुक्कामी, समाज आरतीला. चोपदार दंड उंचावतात, हजारो टाळ एकदम थांबतात, हरवल्या-सापडल्याच्या सूचना होतात आणि मग आरती होते. आजाऱ्यासाठी, परीक्षेला बसलेल्या मुलासाठी किंवा दुरावलेल्या भावासाठी विठ्ठलाकडे मागणे मागायचे ते आरतीनंतर हात जोडूनच. नवसाचा सौदा मात्र करू नये.

एकादशीला पदस्पर्शाची रांग झेपणार नसेल तर नामदेव पायरीपाशी वाकून, कळसाचे दर्शन घेऊन वहीतली नावे सावकाश वाचावीत. घरी फोन त्यानंतर करावा, कारण त्या गर्दीत तो लागेलच असे नाही.