घरच्या घरी तीळ कसे तपासावेत आणि घराण्यातला धोका कसा ओळखावा

अंगावर किती तीळ येणार, हे बऱ्याच अंशी आई-वडिलांकडून ठरून येतं. बहुतेक तिळांमागचा खरा बदल मात्र वारशाचा नसतो. तो त्वचेतल्या एखाद्या रंगपेशीत, बीआरएएफ या जनुकात, पुढे कधीतरी होतो. ती पेशी वाढू लागते, मग पी१६ सारखी प्रथिनं तिला ब्रेक लावतात आणि तीळ मसुराच्या डाळीएवढा होऊन थांबतो. पी१६ बनवणारं जनुक सीडीकेएन२ए. तेच बिघडलेलं घेऊन कुणी जन्मलं तर ब्रेक मुळातच कच्चा असतो आणि मेलॅनोमाचा, म्हणजे रंगपेशींच्या कॅन्सरचा, धोका बराच वाढतो. अशी घराणी थोडीच असतात.

१. आधी घराण्याची माहिती लिहून काढा. आई-वडील, सख्खी भावंडं, मुलं, मग आजी-आजोबा, काका-मावश्या. मेलॅनोमा कुणाला झाला, कोणत्या वयात, अंगावर कुठे? स्वादुपिंडाचा कॅन्सर कुणाला होता का, हेही विचारा, कारण सीडीकेएन२ए मधल्या बिघाडाने तोही धोका वाढतो. ‘पायाला गाठ झाली होती’ एवढ्यावर थांबू नका, बायोप्सीचा जुना रिपोर्ट शोधा.

२. तीळ मोजा. लंडनमध्ये जुळ्या बहिणींच्या अभ्यासात उजव्या हातावर, खांद्यापासून मनगटापर्यंत, ११ हून जास्त तीळ असलेल्यांच्या अंगावर एकूण शंभरावर तीळ असण्याची शक्यता जास्त दिसली. शंभरावर तीळ असले की धोका वाढतो. हे आकडे गोऱ्या त्वचेचे आहेत, सावळ्या त्वचेला जसेच्या तसे लावू नका.

३. फोटो काढा. दिवसाउजेडी, फ्लॅश बंद ठेवून, शेजारी मिलिमीटरची पट्टी धरून. पाठीचे फोटो दुसऱ्याकडून काढून घ्या. तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच अंतरावरून पुन्हा काढा. अंतर बदललं की तीळ उगाच वाढल्यासारखा दिसतो आणि जीव टांगणीला लागतो. दोन अर्धे न जुळणं, कडा फाटलेल्या, एकाच तिळात दोन-तीन रंग, ६ मिलिमीटरहून जास्त रुंदी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बदल: यांवर लक्ष ठेवा. किशोरवयात तीळ वाढतात, नवे येतात, ते बहुधा साधेच असतात. चाळिशीनंतर उगवलेला नवा तीळ मात्र दाखवून घ्यावा.

४. तळपाय, तळहात आणि नखं पाहा. आपल्याकडे ही पायरी सगळ्यात मोलाची आहे. भारतीयांत मेलॅनोमा दुर्मीळ आहे, पण होतो तेव्हा बऱ्याचदा इथेच होतो, आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. पाय धुऊन पुसा, बोटांच्या बेचक्या उघडून बघा, टाचेखाली आरसा धरा. इथला डाग कुरूप किंवा भोवरी समजून ब्लेडने तासला जातो आणि महिने निघून जातात. कधी तो काळा नसतोच, न भरणारी गुलाबी जखम असते.

नखाखालचं काळं रक्त साकळलेलं आहे का, हे ओळखायची सोपी रीत आहे. डागाच्या मुळाकडच्या कडेशी नखावर बारीक खूण करा. नख वाढतं तसा मुका मार पुढे सरकतो आणि मागे स्वच्छ नख येतं. हाताचं नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्यानेच. मुळापासून टोकापर्यंत कायम राहणारी रेघ म्हणजे रंग. सावळ्या माणसांत अनेक नखांवर अशा फिकट रेघा असणं नेहमीचं आहे. पण मोठेपणी एकाच नखावर, विशेषतः अंगठ्यावर, नवी रेघ आली, ती ३ मिलिमीटरहून रुंद झाली किंवा रंग नखालगतच्या कातडीवर उतरला, तर थांबू नका. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या बोटाची नखाखालची जखम आधी फुटबॉलची दुखापत समजली गेली. १९७७ मध्ये तिथे मेलॅनोमा निघाला, १९८१ मध्ये, ३६ व्या वर्षी, तो गेला.

५. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. संशयास्पद तिळाला चुना-सोडा लावू नका, घोड्याचा केस बांधू नका, पार्लरमध्ये लेझरही मारून घेऊ नका. पेशीच जळाल्या तर तपासायला काही उरत नाही. शक्यतो तीळ १ ते ३ मिलिमीटर निरोगी कडेसह अख्खा काढून पॅथॉलॉजीकडे पाठवतात, कारण पुढचे उपचार गाठीच्या खोलीवर ठरतात आणि वरवर खरवडलेल्या तुकड्यात ती खोली मोजता येत नाही.

६. जनुक तपासणी कधी? घराण्यात मेलॅनोमाचे दोन-तीन रुग्ण असतील, किंवा एकालाच तो अनेकदा झाला असेल, तर जनुकीय समुपदेशकाला भेटा. शक्यतो आजारी नातेवाइकाचीच रक्त किंवा लाळेची तपासणी आधी करतात. गाठीवरची बीआरएएफ तपासणी वेगळी, ती औषध निवडण्यासाठी असते. आईच्या गाठीत तो बदल सापडला म्हणून मुलांची रक्ततपासणी करायची गरज नाही, कारण तो बदल गाठीतच झालेला असतो.