इंटरकूलर मोठा केला आणि बूस्ट उतरलं

"काका, बूस्ट तो ओछुं थई गयुं!" (काका, बूस्ट तर कमी झालं!)

मिस्त्री शेजारच्या सीटवरून ओरडला तेव्हा आम्ही नुकताच टोलनाका सोडून अहमदाबाद एक्स्प्रेसवेला लागलो होतो. मे महिन्यातली दुपार, बाहेर ४२ अंश. डॅशबोर्डवर टेपने चिकटवलेल्या बूस्ट गेजचा, म्हणजे इंजिनात कोंबल्या जाणाऱ्या हवेच्या दाबाच्या गेजचा, काटा आठवड्यापूर्वी ०.५५ बारपर्यंत जायचा, तो आता ०.४९ ला अडला. मधल्या आठवड्यात एकच गोष्ट बदलली होती. माझ्या २००६ च्या मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसरला मी मोठा इंटरकूलर बसवून घेतला होता. इंटरकूलर म्हणजे सुपरचार्जरमध्ये दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारी जाळी. विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं की बूस्ट वाढेल.

पुढचे दोन दिवस आम्ही वडोदऱ्यातल्या मकरपुऱ्याच्या शेडमध्ये गळती शोधत बसलो. क्लॅम्प इतके आवळले की एक चांगली सिलिकॉनची होज कापली गेली. गळती नव्हतीच. माझी अख्खी नोकरी हीट एक्स्चेंजर (इंटरकूलरसारखी उष्णता काढून नेणारी यंत्रं) बनवण्यात गेली, तरी हे कोडं सुटायला मला दोन दिवस लागले. तुमची होज वाचावी म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

आधी रहाट समजून घ्या. सुपरचार्जर म्हणजे पट्ट्याने इंजिनाला जुंपलेला रहाट. रहाट एकदा फिरला की ठरलेली गाडगी वर येतात, कमी नाहीत, जास्त नाहीत. माझ्या गाडीतला ईटनचा एम ४५ एका फेऱ्यात पाऊण लिटरच्या आसपास हवा पुढे ढकलतो. एम ४५ म्हणजे फेऱ्यामागे ४५ घन इंच. १.८ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन त्याच्या एका फेऱ्यात ०.९ लिटर गिळतं. पुलीच्या मापामुळे सुपरचार्जर इंजिनापेक्षा जास्त फेरे मारतो, म्हणजे इंजिन गिळू शकेल त्याहून जास्त हवा येत राहते आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत, दाटते. त्या दाटीलाच आपण बूस्ट म्हणतो. (माझ्या गाडीच्या नावातला 'कॉम्प्रेसर' तो हाच, पण आमच्या मिस्त्रीसमोर नुसतं 'कॉम्प्रेसर' म्हणालात तर तो एसी उघडायला घेईल. सुपरचार्जरच म्हणा.)

आता हीच हवा जास्त गार केली तर? सकाळी भरलेला सायकलचा टायर दुपारच्या उन्हात टम्म होतो आणि रात्री पुन्हा जरा नरम लागतो. हवा तेवढीच असते, फक्त गार झाल्यावर ती कमी रेटा देते. इथेही तेच. रहाट तेवढीच हवा आणतोय, ती गार झाली, म्हणून दाब उतरला. टर्बोची, म्हणजे पट्ट्याऐवजी एग्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या पंपाची, गोष्ट वेगळी आहे. तिथे ईसीयू (इंजिनाचा संगणक) वेस्टगेटची (एग्झॉस्ट बाजूने वळवणाऱ्या झडपेची) उघडझाप करून ठरलेला दाब राखतो. इंटरकूलर सुधारला की दाब तोच राहतो आणि त्याच दाबात जास्त हवा मावते. भाच्यानेही मला सल्ला दिला होता, पण त्याची गाडी टर्बोची, म्हणून तो माझ्या गाडीला लागू पडेना. विकणाऱ्याचं ज्ञानही बहुधा टर्बोवालंच असावं.

इतकं डोक्यात असेल तर पुढची कामं सोपी आहेत. पण ती क्रमाने करा, कारण जुने आकडे हाताशी नसतील तर नव्या आकड्यांवरून काहीच कळत नाही.

पहिलं काम पाना हातात घेण्याआधीचं, मोजमापाचं. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) मिळतोच, पण त्यावर दिसणाऱ्या 'इनटेक टेंपरेचर'वर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पुष्कळ गाड्यांत हा आकडा एअर फिल्टरजवळच्या सेन्सरचा असतो, म्हणजे सुपरचार्जरच्याही आधीच्या हवेचा. जोरात पळवल्यावरही स्कॅनर बाहेरच्या तापमानाच्या आसपासच राहिला तर समजा की तुम्ही चुकीच्या जागी बघताय. मी इंटरकूलरच्या आधी एक आणि नंतर एक अशा पाइपांत दोन थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, बसवले. डिजिटल इंडिकेटरसह हे कुठल्याही औद्योगिक वस्तूंच्या दुकानात मिळतात.

दाब दोन ठिकाणी मोजायचा, पण गेज एकच वापरायचं. हे आमच्या धंद्यातलं शहाणपण. दोन गेज लावले की कोणाचं किती चुकतंय यावर वाद होतो. सुपरचार्जरच्या बाहेरच्या पाइपाला एक निपल, मॅनिफोल्डला एक निपल, दोन्हींच्या नळ्या तीन तोंडांच्या कॉकवर आणि कॉकवरून एकच गेज. एका धावेत कॉक इकडे, दुसऱ्या धावेत तिकडे. गेज चुकीचं असलं तरी दोन्हीकडे सारखंच चुकतं, आणि आपल्याला हवा असतो तो फरक. मला आधी गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी वापरायचा मोह झाला होता, कारण ०.१ बार म्हणजे जवळजवळ एक मीटर पाण्याचा फरक, डोळ्यांनी दिसेल असा. पण एखाद्या हिसक्यात ते पाणी इंजिनात गेलं असतं, म्हणून नाद सोडला.

धाव अशी घ्या: टोलनाक्यानंतर नाहीतरी वेग पकडायचाच असतो. गिअर दुसऱ्यात अडकवून इंजिनाचे मिनिटाला २५०० ते ५००० फेरे, पाय पूर्ण दाबून. माझी गाडी यात ताशी ९० च्या आत राहते, एक्स्प्रेसवेची मर्यादा मोडत नाही. एकट्याने करू नका. चालवणारा रस्ता बघेल, बाजूचा आकडे. थोड्या थोड्या अंतराने तीन धावा घ्या, कारण पहिल्या धावेत प्रत्येक इंटरकूलर चांगलाच वाटतो. त्याची खरी लायकी तिसऱ्या धावेला कळते, सगळं धातू तापल्यावर.

माझे जुने आकडे: सुपरचार्जरच्या तोंडाशी ०.६५ बार आणि १२३ अंश, मॅनिफोल्डशी ०.५५ बार आणि ७५ अंश. म्हणजे ०.१० बार इंटरकूलरमध्येच खर्च होत होता. आणि कूलिंग? हवा १२३ वरून फार तर बाहेरच्या ४२ पर्यंत येऊ शकली असती, म्हणजे ८१ अंशांची संधी. त्यातले ४८ अंशच उतरले. ४८ भागिले ८१, साधारण ५९ टक्के. हा भागाकार तुमच्या गाडीसाठी जरूर करा. पाऊणशे टक्के येत असतील तर खिशात हात घालू नका.

दुसरं काम, जे बहुतेक जण वगळतात: जुना इंटरकूलर उतरवून धुऊन बघा. आमचा निघाला तेव्हा आतून वाटीभर तेल सांडलं. क्रँककेसची (इंजिनाच्या तेलाकडच्या तळभागाची) वाफ वर्षानुवर्षं आत जात राहते, तिचं तेल आतल्या पत्र्यांना लेपासारखं बसतं आणि तो लेप म्हणजे हवेला घातलेली गोधडीच. बाहेरून पंखांत (हवा जाते त्या पातळ पत्र्यांत) चिखल आणि किडे, ते साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढा. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर पंख वाकतील. आतून रॉकेलने धुवा, मग साबणाच्या पाण्याने, मग दोन दिवस उन्हात उलटा टांगून पूर्ण सुकू द्या. ओला बसवला तर ते सगळं इंजिन ओढून घेईल. धुतल्यावर माझे आकडे थोडे सुधारले होते. मेच्या उन्हात रोज चालवायची नसती तर मी तिथेच थांबलो असतो.

तिसरं काम निवडीचं, आणि इथे माझ्यातला जुना एक्स्चेंजरवाला जागा होतो. हवा गार करणं आणि दाब न गमावणं या दोन सवती आहेत. आत दाट पंख घातले तर हवा छान गार होते पण घुसमटते, विरळ घातले तर मोकळी वाहते पण गरमच राहते. वाट एकच: समोरचं क्षेत्रफळ वाढवा, जाडी नको. जाड कोअरच्या (इंटरकूलरच्या नळ्या-पंखांच्या गाभ्याच्या) मागच्या अर्ध्या भागाला पुढच्या अर्ध्याने तापवलेलीच हवा मिळते, आणि ती पुढे रेडिएटरवर जाते. बाजारात जाडीचीच जाहिरात असते, कारण जाड वस्तू हातात घेतली की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. दोन्ही बाजूंच्या टाक्यांचा आकारही बघा. पाइप जिथे मिळतो तिथे काटकोनात आदळणारी हवा खालच्या चार नळ्यांपर्यंत पोहोचतच नाही.

बसवण्याआधी नवा कोअर तपासून घ्या. दोन्ही तोंडांना टोप्या क्लॅम्पने घट्ट बसवा, एका टोपीत ट्यूबचा व्हॉल्व्ह, आत ०.५ बार हवा, आणि पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे शोधा. त्याहून जास्त दाब देऊ नका आणि टोपीच्या समोर उभे राहू नका. कोंडलेली हवा टोपी गोळीसारखी उडवते. आमच्या कारखान्यात म्हणूनच शक्यतो पाण्याने चाचणी घ्यायचे.

बसवताना एक बारकावा. हवा आळशी असते. कोअरच्या बाजूने फट दिसली की ती पंखांतून जायचे कष्ट घेत नाही. बंपर आणि कोअरमधली फट फोमच्या पट्ट्यांनी बंद करा. आम्ही ही फट आधी तशीच सोडली होती, आणि ती बंद केल्यावर मॅनिफोल्डचं तापमान आणखी ४ अंश उतरलं, खर्च फोमपुरता. मग एसी लावून शहरातल्या मांडवीच्या गर्दीत अर्धा तास गाडी रेंगाळू द्या आणि पाण्याच्या तापमानावर डोळा ठेवा. ते जुन्यापेक्षा चढत असेल तर इंटरकूलर रेडिएटरची हवा खातोय.

आता निकाल वाचायचा. माझे नवे आकडे: सुपरचार्जरशी ०.५३ बार, ११० अंश. मॅनिफोल्डशी ०.४९ बार, ५८ अंश. आतला दाबाचा खर्च ०.१० वरून ०.०४ वर आला, आणि ६८ अंशांच्या संधीतले ५२ उतरले, म्हणजे ७६ टक्के.

बूस्ट उतरलं ते थंडाव्याने की गळतीने, हे असं ठरवा. गेजच्या आकड्यात वातावरणाचा १ मिळवा आणि तापमानात २७३. जुनं १.५५ बार, जुनं तापमान ३४८, नवं ३३१. १.५५ गुणिले ३३१ भागिले ३४८ म्हणजे १.४७. तेव्हा गेजवर ०.४७ च्या आसपास दिसायला हवं होतं, दिसलं ०.४९. किंचित जास्त, कारण समोरचा अडथळा कमी झाल्याने सुपरचार्जरच्या पात्यांच्या फटीतून मागे निसटणारी हवाही कमी झाली. हिशोब जुळला, मिस्त्रीचा चेहरा उजळला, कापलेल्या होजचे पैसे मी दिले. हाच काटा ०.४० ला थांबला असता तर मात्र गळती शोधणं भाग होतं. गळती असेल तर एअरफ्लो सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच निसटते, पेट्रोल मात्र पूर्ण पडतं, आणि मागून काळा धूर व पेट्रोलचा वास येतो. तिसरा संशयित पट्टा. बूस्ट खालच्या फेऱ्यांत ठीक आणि वर ढासळत असेल, पुलीपाशी काळी भुकटी दिसत असेल, तर पट्टा घसरतोय.

आणि फायदा? दाब कमी होऊन गाडी जोरात कशी, हे मिस्त्रीला पटवायला मला स्कॅनरवरचं इग्निशन दाखवावं लागलं. आधी तिसऱ्या धावेत ईसीयू नॉकिंगच्या (गरम मिश्रण आपोआप पेटून इंजिनाला ठोके बसण्याच्या) भीतीने स्पार्क ६ अंश (तापमानाचे नव्हे, क्रँकच्या फिरण्याचे) मागे घेत होता, म्हणजे उशिरा देत होता, आता २. इंजिनात जाणारी हवा वाढली ती जेमतेम एक टक्का. १.५५ भागिले ३४८ आणि १.४९ भागिले ३३१ करून बघा. बाकी सगळा जोर स्पार्कच्या त्या ४ अंशांचा, आणि पट्ट्यावरचं ओझं हलकं झालं त्याचा. उन्हाळ्यात मी ९५ ऑक्टेनचंच, म्हणजे नॉकिंगला सहज बळी न पडणारं, पेट्रोल भरतो, तरीही आधी हे नॉकिंग होतंच.

गेलेलं बूस्ट परत हवं म्हणून लहान पुली लावायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मी लावली नाही. लहान पुलीने रहाट जास्त वेगाने फिरतो, हवा पुन्हा तापते, बेअरिंगवर ताण येतो, पेट्रोलचा आणि स्पार्कचा नकाशा नव्याने करावा लागतो, आणि ज्या उष्णतेसाठी एवढा खर्च केला ती परत घरात घ्यायची. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ नोंदीपेक्षा वेगळ्या बदलांवर बंधनं घालतं. इंटरकूलरच्या आधीसुद्धा विमा कंपनीला विचारून घ्या, लेखी.

ऑडीच्या जुन्या, सुपरचार्जरवाल्या ३.० टीएफएसआयसारख्या गाड्यांत इंटरकूलर सुपरचार्जरच्याच पोटात असतो आणि पाण्यावर चालतो. तिथे पुढचा छोटा रेडिएटर आणि पाण्याचा पंप बघायचा, वरच्यातलं मोजमाप तेवढं कामाचं.

गेजच्या काचेवर मी आता ०.४९ ला नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, बायकोच्या बाटलीतला. शेजारी बारीक अक्षरांत 'मे, ४२ अंश' असंही लिहिलंय, कारण डिसेंबरच्या गार सकाळी काटा वेगळीकडे असतो, आणि इंदूरला बहिणीकडे जातो तेव्हाही. ते साडेपाचशे मीटर उंचावर, तिथे रहाटाच्या गाडग्यात मुळातच पातळ हवा येते.