परिच्छेदाचं पहिलं वाक्य भक्कम कसं लिहावं?

सहावी ते आठवीच्या वैचारिक निबंधात मुद्दा अनेकदा चांगला असतो, पण तो परिच्छेदाच्या चौथ्या ओळीत सापडतो. तो पहिल्या वाक्यात, म्हणजे मुख्य वाक्यात, आणायचा. उदाहरणाला विषय घेऊ दप्तराच्या ओझ्याचा.

१. भूमिका ठरवा. कच्च्या वहीत एकच वाक्य लिहा: ‘दप्तराचे वजन कमी करण्याची जबाबदारी शाळेने घ्यावी.’ ‘दप्तर जड असते’ ही भूमिका नव्हे. त्यावर कोणी वादच घालणार नाही.

२. कारणं एकेका शब्दात मांडा. वेळापत्रक, पाणी, वह्या, पाठदुखी, नियम. पाच-सहा सुचली तरी तीनच ठेवा. एका परिच्छेदाला एक कारण.

३. शब्दाचं वाक्य करा, आणि ‘कारण’ लावून तपासा. भूमिका, मग ‘कारण’, मग तुमचं वाक्य, असं सलग वाचा. ‘शाळेने जबाबदारी घ्यावी, कारण वेळापत्रक महत्त्वाचे असते’ हे अडखळतं. ‘…कारण रोज सगळे विषय ठेवणाऱ्या वेळापत्रकामुळेच दप्तर फुगते’ हे बसतं. पाण्याचंही तसंच: ‘शाळेतल्या पाण्याचा भरवसा नसल्याने मुले लिटरभर पाणी पाठीवर वाहतात.’ लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, हा हिशोब पुढच्या वाक्यात द्या.

लांबी दहा ते पंधरा शब्द. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य लांबलं की तुमचं म्हणणं काय, हे कळायला वाचणाऱ्याला ताटकळावं लागतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो माहिती आणि मत यांत. ‘२०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असे ठरवले.’ माहिती खरी, पण सुरुवातीला ती ठेवली की ‘बरं, मग?’ असं विचारावंसं वाटतं. तिच्याआधी मत घाला: ‘दप्तर वजनकाट्यावर ठेवलेच नाही, तर नियम कागदावरच राहतो.’ आता तीच माहिती दुसऱ्या ओळीत पुरावा होते. तिसरीत आकडा: ३५ किलोच्या मुलासाठी मर्यादा साडेतीन किलो.

आणखी काही चुका. ‘या परिच्छेदात मी पाण्याविषयी लिहिणार आहे’ ही नुसती घोषणा झाली, सरळ खोडा. ‘आजच्या धावपळीच्या युगात’ ही सुरुवात कुठल्याही निबंधाला चालते, म्हणून इथे नको. ‘पाठ दुखते आणि वेळापत्रकही चुकीचे आहे’ यात दोन कारणं एकाच दावणीला बांधली आहेत. ‘आणि’पाशी तोडून दोन परिच्छेद करा.

४. विरोधी मताचा परिच्छेद ‘पण’वर उभा करा. ‘पुस्तकातच कोरी पाने दिली की वह्या सुटतील असे वाटते, पण शाळा वह्या मागत राहिली तर ओझे वाढतेच.’ पुरावा हाताशी आहे: २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत कोरी पानं जोडली गेली आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. विरोधकाचं म्हणणं अर्ध्या वाक्यात आटपा. ‘पण’नंतरचा भाग जड हवा.

५. फक्त पहिली वाक्यं उतरवून काढा. एकाखाली एक लिहून, निबंध न वाचलेल्या कोणाला तरी दाखवा. तुमची बाजू त्याला सांगता आली नाही, तर जिथे तो अडला तेच वाक्य बदला. दोन वाक्यं सारखीच वाटली तर एक परिच्छेद काढून टाका. सगळ्यात बळकट कारण शेवटी ठेवा, आणि विरोधी मत त्याच्या लगेच आधी.