स्क्रू नुसताच फिरतोय? जाडा स्क्रू आणायच्या आधी या चुका टाळा

कपाटाच्या दाराची बिजागरी असो की गिटारचं स्ट्रॅप बटन (पट्टा अडकवायची खुंटी), तक्रार एकच असते, स्क्रू फिरतच राहतो, घट्ट काही होत नाही, आणि बोटाने ओढला तर अख्खा हातात येतो. यात बहुतेक वेळा स्क्रूला काहीच झालेलं नसतं, त्याला धरून ठेवणारं लाकूड आतून चुरा होऊन गेलेलं असतं. म्हणजे काम एवढंच, भोकात लाकूड परत घालायचं आणि तोच जुना स्क्रू लावायचा. पण लोक हे सोडून बाकी सगळं करतात.

सगळ्यात पहिली उडी जाड्या स्क्रूवर. बिजागरीत जाडा स्क्रू घातला की त्याचं डोकं खाचेत नीट बसत नाही, वर राहतं, मग दार बंद करताना अडतं आणि आपण बिजागरीला शिव्या घालतो. शिवाय भोक कडेजवळ असेल तर लाकूड उभं चिरतं. लांब स्क्रूचं तर विचारूच नका, १८ मिमी प्लायवर २५ मिमीचा स्क्रू मारला तर तो पलीकडून सनमायका फोडून बाहेर डोकावणारच. गिटारच्या ट्यूनरला, म्हणजे तारा पिळायच्या खुंटीला, हे अजून महागात पडतं कारण हेडस्टॉक (ट्यूनर बसतात तो टोकाचा भाग) जेमतेम दीड सेंटीमीटर जाड, आणि समोरच्या बाजूला पॉलिश केलेला चेहरा.

दुसरा उद्योग म्हणजे भोकात फेविक्विक ओतून लगेच स्क्रू पिळणे. पकडतो हो, चांगलाच पकडतो, पण पुढे कधी काढायची वेळ आली तर डोकं झिजेल, स्क्रू हलणार नाही. आणि गिटारच्या पॉलिशवर एक थेंब ओघळला की डाग कायमचा. भोक अगदी थोडंसंच सैल असेल तर पातळ फेविक्विकचा एखादा थेंब लाकडाच्या आतल्या रेषांत (तंतूंत) मुरू द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मग स्क्रू लावायचा, हे चालतं, पण त्यात "पूर्ण वाळू द्यायचा" हाच भाग लोक गाळतात. भिंतीत घालतो तो प्लॅस्टिकचा गट्टू लाकडात ठोकू नका, तो फुगण्यासाठीच बनवलेला असतो आणि लाकूड फाडतो.

आता टूथपिकवाला उपाय. हा खरंच चांगला आहे, ट्यूनर, पिकगार्ड (गिटारवरची ओरखडे रोखणारी पट्टी), ड्रॉवरचं हँडल अशा छोट्या कामांना पुरतो, पण अर्धवट केला जातो. कोरड्या काड्या कोंबून वर स्क्रू मारला तर पंधरा दिवसांत परत तेच. काड्या फेविकॉलमध्ये बुडवून घालायच्या, भोक भरेल इतक्याच, हातोडीने ठोकून नाही. आगपेटीची काडी वापरली तर गुल आधी मोडून टाका. मग रात्रभर हात लावायचा नाही, पावसाळ्यात तर सरळ २४ तास सोडा कारण दमट हवेत फेविकॉल आळसावतो. वाळल्यावर वरचा भाग ब्लेडने सपाट कापा आणि, इथेच नव्वद टक्के लोक घसरतात (आकडा माझा, अंदाजाने), आधी बारीक ड्रिलने वाट करून घ्या. वाट नसली तर स्क्रू काड्या बाजूला सारून तिरका शिरतो. साधारण ४ मिमीच्या स्क्रूला मऊ लाकडात अडीच आणि सागवान-मेपलसारख्या कडक लाकडात ३ मिमी बिट, ट्यूनरच्या २ मिमी स्क्रूला दीड.

पण जिथे खरा भार आहे तिथे टूथपिकवर भरवसा ठेवू नका. इलेक्ट्रिक गिटार सहज साडेतीन-चार किलोची असते आणि ती सगळी स्ट्रॅप बटनच्या दोन स्क्रूंवर लटकते. तिथे भोक ६ मिमीपर्यंत मोठं करून लाकडी गुल्ली (गोल दांडीचा तुकडा, डॉवेल) फेविकॉलने बसवायची. ड्रिल करताना भोकाभोवती चिकटपट्टी लावा, धारदार बिट घ्या, नाहीतर पॉलिशचा टवका उडतो. अजून एक गोष्ट, बाजारात मिळणाऱ्या तयार गुल्लीत रेषे लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे स्क्रू त्या रेषांच्या मधून आत घुसतो आणि पकड कमी मिळते. रेषे आडवे येतील अशी गुल्ली फळीतून काढून घेतली तर स्क्रू जास्त घट्ट बसतो. स्ट्रॅप बटनला साध्या कडक लाकडाच्या गुल्लीनेही भागतं, पण चार स्क्रूंनी जोडलेल्या नेकची (गिटारच्या लांब दांड्याची) भोकं गेली असतील तर आडव्या रेषांचीच घाला, कारण तारांचा सगळा ताण तिथे येतो. तारा आधी सैल करायला विसरू नका.

पार्टिकल बोर्डाची गोष्टच वेगळी. सिंकखालच्या कपाटात पाणी लागून बोर्ड फुगला असेल तर त्यात कुठलीच काडी टिकणार नाही, लाकडाचे रेषेच नाहीत तिथे, नुसता भुसा आणि गोंद. अशा वेळी बिजागरी दोन-तीन इंच वर किंवा खाली सरकवा, किंवा खराब तुकडा चौकोनी कापून तिथे चांगलं लाकूड चिकटवा. बोर्ड कोरडा आणि फक्त भोकच सैल असेल तर अरल्डाइट (दोन ट्यूब मिसळून लावायचा गोंद) आणि गुल्लीवर निभावतं.

शेवटी स्क्रू परत लावताना ड्रिल मशीन बाजूला ठेवा, बरीचशी भोकं त्यानेच गेलेली असतात. हाताने आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात उतरल्याचा बारीक टक् जाणवला की मग सुलटा पिळा, असं केलं की दर वेळी नवे आटे पडत नाहीत. कडक लाकडात स्क्रूला मेणबत्ती घासा, साबण नको, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. पितळी स्क्रू असेल तर त्याच मापाचा लोखंडी आधी फिरवून काढा, नाहीतर पितळ मधेच तुटतं. आणि दाराच्या वरच्या बिजागरीचेच स्क्रू पुन्हापुन्हा सुटत असतील तर भोक कितीही भरा, दार जड आहे, मधे तिसरी बिजागरी लावा.