गेट, पोस्ट, पुट, पॅच : या चुका टाळा

ब्राउझर वेबसाइटच्या सर्व्हरला जी मागणी (रिक्वेस्ट) पाठवतो, तिचे हे प्रकार, म्हणजे मेथड: गेट माहिती मागतं, पोस्ट ती पाठवतं, पुट आणि पॅच आहे ती बदलतात, डिलीट काढून टाकतं. 'काढून टाका' ही कृती साध्या लिंकवर ठेवणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लिंक म्हणजे गेट रिक्वेस्ट, आणि गेटने सर्व्हरवर काहीही बदलायचं नसतं. ब्राउझर, सर्च इंजिनचे बॉट, मधले कॅशे (पानांची प्रत साठवून ठेवणारे) सगळे याच भरवशावर चालतात. २००५ साली गूगलने वेब अ‍ॅक्सिलरेटर आणलं, तेव्हा हा भरवसा मोडणाऱ्या साइट उघड्या पडल्या. पानं झटपट दिसावीत म्हणून ते पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवायचं. त्यात डिलीटच्या लिंकाही उघडल्या आणि कोणी हात न लावता लोकांच्या नोंदी उडाल्या. लॉगिनचा उपयोग झाला नाही, कारण वापरणारा लॉगिन केलेलाच होता. 'नक्की काढायचं?' हा जावास्क्रिप्टचा प्रश्नही आडवा आला नाही, कारण क्लिक झालंच नव्हतं. बदल करायचा तर पोस्ट, पुट, पॅच किंवा डिलीटच वापरा.

पासवर्डही गेटने पाठवू नका. यूआरएल हिस्टरीत आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये राहतो. पोस्ट केलं म्हणजे झाकलं गेलं असंही नाही, एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध जोडणी, हवंच.

आता नेहमीची तक्रार: 'मी पोस्ट पाठवतोय, पण ४०५ (ही मेथड इथे चालत नाही) येतोय.' कोडमध्ये डोकं घालण्याआधी डेव्हलपर टूल्सचा नेटवर्क टॅब उघडा, 'प्रिझर्व्ह लॉग' चालू करा आणि पुन्हा पाठवून बघा. एकाऐवजी दोन ओळी दिसल्या, पहिली ३०१ किंवा ३०२ (दुसऱ्या पत्त्यावर वळवल्याचे, म्हणजे रीडायरेक्टचे कोड) आणि दुसरी गेट, तर चोर सापडला. पत्त्यात शेवटचा स्लॅश राहिला किंवा एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर वळवलं गेलं, की ब्राउझर पोस्टचं गेट करतो आणि सोबतचा डेटा वाटेतच गळतो. थेट अंतिम पत्ताच लिहा. रीडायरेक्ट ठेवावाच लागला तर ३०७ किंवा ३०८ द्या, त्यात मेथड बदलत नाही. दुसरी ओळ नसेल, तर ४०५ च्या उत्तरातला 'अलाऊ' हेडर (उत्तरासोबत येणारी माहितीची ओळ) वाचा. तिथे कोणत्या मेथड चालतात ते लिहिलेलं असतं.

पुटने फक्त नवा फोन नंबर पाठवला आणि नाव-पत्ता गायब झाला, तर सर्व्हरची चूक नाही. पुट अख्खी नोंद बदलतं. तुकडा बदलायला पॅच आहे.

टाइमआउट झाला, म्हणजे वेळेत उत्तर आलं नाही, म्हणून पोस्ट डोळे झाकून पुन्हा पाठवू नका. पहिली ऑर्डर कदाचित नोंदली गेलेली असते, फक्त उत्तर पोचलेलं नसतं. एका क्लिकनंतर ऑर्डरचं बटण बंद करणं पुरत नाही. प्रत्येक ऑर्डरसोबत एक वेगळी की (ओळखक्रमांक) पाठवा आणि तीच की परत आली, तर सर्व्हरने जुनंच उत्तर द्यावं.

पोस्टमनमध्ये (रिक्वेस्ट पाठवून तपासायच्या अ‍ॅपमध्ये) चालतं पण ब्राउझरमध्ये 'कॉर्स'ची, म्हणजे दुसऱ्या डोमेनच्या परवानगीची, एरर येते? दुसऱ्या डोमेनवर जेसन (डेटा लिहायची एक पद्धत) पाठवण्याआधी ब्राउझर ऑप्शन्स रिक्वेस्ट पाठवून परवानगी विचारतो, पोस्टमन विचारत नाही. त्या ऑप्शन्ससोबत टोकन, म्हणजे लॉगिनचा पुरावा, येत नाही. तुमचा लॉगिन तपासणारा कोड तिलाच ४०१ (लॉगिन नाही) देत असेल, तर ऑप्शन्सला त्या तपासणीतून वगळा.