काट्यावरची ओळ मध्येच तुटते तेव्हा: हॅस्केलमध्ये तुकड्यातुकड्याने पार्सिंग

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या काट्यावर ट्रॉल्या आणि बंड्यांची रांग लागते. प्रत्येक वजनाची एक ओळ संगणकाकडे जाते: पावती क्रमांक, गाव, भरलेलं वजन, रिकामं वजन; मध्ये स्वल्पविराम. काटा ओळ पाठवतो खरा, पण प्रोग्रामच्या हाती येतो तो बाइटचा तुकडा, आणि तो कुठे तुटेल याचा नेम नाही. ६८५० किलोतले ६८ आत्ता आले, ५० पुढच्या तुकड्यात.

हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत हे तुकडे वाचायला 'एचगेट' हे फंक्शन घेऊ नका. त्याला ४०९६ बाइट मागितले की तेवढे भरेपर्यंत तो थांबतो. दुपारी काटा थंड असला की तीन ट्रॉल्यांच्या नोंदी तशाच अडकून पडतात. 'एचगेटसम' जेवढं आलंय तेवढं देतो.

पार्सिंगला, म्हणजे बाइटमधून नोंद ओळखून काढायला, ॲटोपार्सेक ही लायब्ररी घ्या. एका नोंदीचा पार्सर: 'डेसिमल' (हा आकडा वाचतो), स्वल्पविराम, 'टेकटिल'ने गाव, स्वल्पविराम, 'डेसिमल', स्वल्पविराम, 'डेसिमल', 'एंडऑफलाइन'. 'टेकटिल' स्वल्पविरामावर थांबवा, तसंच नव्या ओळीवरही थांबवा. नाहीतर एखादी ओळ गावापाशीच संपली, पुढचे स्वल्पविराम आलेच नाहीत, की गावाच्या नावात पुढची पावतीही जाते. 'डेसिमल'ला फक्त इंग्रजी अंक कळतात; काट्याचं सॉफ्टवेअर देवनागरी अंक पाठवत असेल तर आधी ते बदलून घ्या.

'पार्स'ला तुकडा दिला की तीनपैकी एक उत्तर येतं. 'डन' म्हणजे नोंद आणि उरलेले बाइट. ते बाइट पुढच्या नोंदीच्या सुरुवातीला द्यायचे, फेकायचे नाहीत. 'पार्शल' म्हणजे अजून हवं. सोबत आलेल्या फंक्शनला पुढचा तुकडा द्या. 'फेल' आलं तर पुढच्या नव्या ओळीपर्यंतचं सोडून तिथून पुन्हा सुरू करा, आणि सोडलेली ओळ लॉगमध्ये ठेवा, कारण तिच्यामागे कोणाच्या तरी मालाचे पैसे आहेत. 'पार्शल'ला रिकामी बाइटस्ट्रिंग (बाइटची माळ) दिली की तो ती 'इनपुट संपलं' असं समजतो. म्हणून मधल्या एखाद्या टप्प्यातून रिकामा तुकडा येत असेल तर तो आधीच गाळा.

'एंडऑफलाइन' ऐच्छिक करण्याचा मोह टाळा. लाइट गेली आणि शेवटच्या नोंदीचं रिकामं वजन १८५० ऐवजी १८५ वर तुटलं, तर ऐच्छिक पार्सर ते खुशाल स्वीकारतो आणि निव्वळ वजन १६६५ किलोंनी फुगतं.

गावाचं नाव यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरांचे बाइट करण्याच्या पद्धतीत, असतं. 'हिंगणघाट' म्हणजे २४ बाइट, एकेका चिन्हाला ३. तुकडा आल्याबरोबर डीकोड केला (बाइटची पुन्हा अक्षरं केली) तर चिन्ह मधोमध चिरलं जातं आणि 'डीकोडयूटीएफ८' अपवाद फेकतो. आधी बाइटवरच ओळ तोडा, मग तेवढं गाव डीकोड करा. स्वल्पविरामाचा बाइट देवनागरी चिन्हाच्या आत कधीच येत नाही, त्यामुळे हे सुरक्षित आहे.

सगळी फाइल एका 'मेनी'ने, म्हणजे तोच पार्सर पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या फंक्शनने, वाचू नका. मागे फिरता यावं म्हणून ॲटोपार्सेक पार्स संपेपर्यंत इनपुट धरून ठेवतो. गाव बाइटस्ट्रिंग म्हणूनच साठवायचं असेल तर 'कॉपी' करा. नाहीतर २४ बाइटच्या नावापायी अख्खा तुकडा मेमरीत अडकतो.

कॉन्ड्युइट या लायब्ररीसोबत तयार 'कॉन्ड्युइटपार्सर' आहे, पण एका खराब ओळीवर तो अपवाद फेकून थांबतो. काट्यासाठी वरच्या 'डन', 'पार्शल', 'फेल'चं हाताने लिहिलेलं लूपच बरं.

चाचणी अशी घ्या: तीच फाइल एकदा अख्खी द्या, एकदा १-१ बाइटच्या तुकड्यांत. नोंदी वेगळ्या आल्या तर 'डन'नंतर उरलेले बाइट कुठेतरी सांडताहेत.